स्वयंसेवा केंद्रात पगारी नोकरी: तिथली माणसं दिवसभर नेमकं काय करतात?

कोरीपाटी

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचत आले आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी १७ वर्षं एका कार्यालयात हिशेबाचं काम केलं. गेल्या वर्षी ते कार्यालय बंद झालं. आता आमच्या भागातल्या स्वयंसेवा केंद्राने समन्वयक म्हणून मुलाखतीला बोलावलं आहे. पगार आहे, पूर्वीपेक्षा बराच कमी. करार एक वर्षाचा. मला काम हवं आहे आणि हे काम मनापासून करावंसंही वाटतं. आईच्या आजारपणात दर मंगळवारी एक अनोळखी बाई येऊन दोन तास तिच्याजवळ बसायच्या, तेवढ्या वेळात मी झोपून घ्यायचे. त्या कुठून येतात, त्यांना कोण पाठवतं, हे तेव्हा विचारायचं भानही नव्हतं. आई गेल्यावर कळलं की त्यांना याच केंद्राने पाठवलं होतं.

माझे प्रश्न दोन. पहिला, या केंद्रातली माणसं दिवसभर करतात काय? जाहिरातीत ‘नोंदणी, समन्वय व पाठपुरावा’ एवढंच लिहिलं आहे. दुसरा प्रश्न घरातून आला. माझे मोठे दीर म्हणाले, “लोक तिथे फुकट राबणार आणि तू त्यांच्यावर पगार घेणार?” मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सरळरेष

पगार जरूर घ्या, त्यात चूक काही नाही. पण तो बहुधा देणगीतून किंवा अनुदानातून येतो, तेव्हा त्याचा हिशेब लोक मागणार, आणि मागावाच.

माझा अनुभव कडू आहे. मी एका केंद्रात नाव नोंदवलं होतं. चार पानी अर्ज भरला, ओळखपत्राच्या प्रती दिल्या, ‘कळवतो’ म्हणाले. तीन महिन्यांत एक फोन नाही. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा खुर्चीत वेगळाच माणूस, आणि माझा अर्ज कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. तेव्हा शनिवार-रविवार पूर्ण मोकळे होते माझे. नंतर कामं वाढली आणि तो विषय संपला. तुम्ही तिथे जाणार असाल तर एवढं एक करा: आलेल्या माणसाला उत्तर द्या. ‘नको’ असेल तर ‘नको’ सांगा.

दारापाशी

कोरीपाटी, मी अशा केंद्रात ११ वर्षं आहे. पहिली तीन वर्षं स्वयंसेवक म्हणून दाराजवळच्या टेबलावर बसायचे, पुढची आठ पगारी समन्वयक. दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या दिरांचं. राग मानू नका, हा प्रश्न खूप जण मनापासून विचारतात आणि त्याला उत्तर आहे. रेडक्रॉसची सात मूलतत्त्वं १९६५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत जाहीर झाली. त्यातलं एक स्वयंसेवेचं आहे: कोणत्याही लाभाच्या इच्छेने हे काम होत नाही. तरी त्याच रेडक्रॉसमध्ये जगभर पगारी माणसंही आहेत, आणि ती असतात म्हणून स्वयंसेवकाला वेळेवर गाडी मिळते, शिक्षण मिळतं, दुखापत झाली तर विमा मिळतो. जो माणूस आठवड्यातले दोन तास देतो त्याचे ते दोन तास वाया जाऊ नयेत, यासाठी कुणीतरी आठवडाभर जागेवर असावं लागतं. आठवडाभर जागेवर असणाऱ्याला घरभाडं भरावं लागतं. तुमच्या आईजवळ मंगळवारी ज्या बाई बसायच्या, त्यांची एखाद्या मंगळवारी तब्येत बिघडली असती तर तुमच्या घरी फोन कुणी केला असता? पगार त्याचा.

५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८५ साली ठरवलेला. तो बऱ्याच जणांना माहीत असतो. स्वयंसेवकांचं काम सांभाळणाऱ्यांचाही एक दिवस असतो, बरोबर एक महिना आधी, ५ नोव्हेंबरला. तो आमच्या विश्वस्तांनाही माहीत नव्हता, मी सांगितला.

आता दिवसभर काय करतो ते.

आम्ही सात जण आहोत. तिघं पगारी: मी, प्रशिक्षण घेणारी एक मुलगी, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारे हिशेबनीस. बाकी चौघं स्वयंसेवक. त्यातली दोघं आळीपाळीने दाराजवळच्या टेबलावर बसतात, एक जण नोंदी संगणकावर चढवतात, आणि एक काका फक्त फोन करतात. त्या काकांबद्दल पुढे लिहिते.

सकाळ संस्थांच्या फोनमध्ये जाते. “उद्या दहा माणसं पाठवा.” मी विचारते, कशाला? किती वेळ? आल्यावर त्यांना काम कोण दाखवणार? बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह आहे का? अर्ध्या फोनांना याची उत्तरं नसतात. नसली की मी माणसं पाठवत नाही, उत्तरं मिळाली की परत फोन करा म्हणते. सुरुवातीला असं बोलायला जीभ रेटायची नाही. पण एकदा मी बारा जणांना एका ठिकाणी पाठवलं आणि ते दोन तास फाटकाबाहेर उभे राहिले, कारण त्यांना बोलावणारा माणूसच त्या दिवशी रजेवर होता. त्या बारातले नऊ जण पुन्हा कुठेच गेले नाहीत. नऊ माणसं, एका सकाळीत.

एक फोन वेगळ्या जातीचा असतो, तो ओळखायला शिका. एका संस्थेने सहा महिन्यांसाठी ‘स्वयंसेवक’ मागितला, रोज आठ तास, आठवड्यातले पाच दिवस, नोंदी करायला. चौकशी केली तर कळलं, त्या टेबलावरच्या कारकुनाला नुकतंच कमी केलं होतं. मी सांगितलं की ही नोकरी आहे, हिला पगार द्या, यासाठी आम्ही माणूस देणार नाही. त्यांनी आमच्या विश्वस्तांकडे तक्रार केली. विश्वस्त माझ्या बाजूने उभे राहिले म्हणून मी आजही तिथे आहे. स्वयंसेवकाला पाठवून दुसऱ्याच्या पोटावर पाय आणायचा नाही, एवढं आम्ही पाळतो. तुमच्या दिरांना हेही सांगा.

दुपार माणसांची. नवीन आलेल्या प्रत्येकाशी मी साधारण पाऊण तास बोलते. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, “तुम्हाला काय काय येतं?” आता मी विचारते, “तुमचा आठवडा कसा जातो?” माणूस सोमवारपासून सांगायला लागतो आणि सांगता सांगता बरंच काही बाहेर येतं. घरी कोण आहे, कोण नाही, कुठली संध्याकाळ अंगावर येते. “मला कधीही चालेल” म्हणणारा माणूस माझ्या वहीत सगळ्यात कमी टिकलेला आहे. “गुरुवारी चार ते सहा, त्याच्या पुढे नाही” म्हणणारी माणसं पाच-पाच वर्षं येतात.

एक निवृत्त गृहस्थ आले होते. आयुष्यभर हिशेब केलेले, तुमच्यासारखेच. एका लहान संस्थेला हिशेबाला माणूस हवा होता. मला वाटलं, देवच पावला. ते काही न बोलता गेले, तीन आठवडे वह्या लिहिल्या आणि चौथ्या आठवड्यापासून आले नाहीत. मी फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “तुम्ही इतक्या आनंदाने सांगितलंत, मला नाही म्हणवेना. पण आकडे आता डोळ्यांसमोर नकोत हो.” मी विचारलं, मग काय आवडेल? म्हणाले, हाताने काहीतरी. आज सहा वर्षं झाली, ते चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करतात. चाकाची आरी बसवताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावं.

त्या फोनवरून आम्ही एक रीत पाडली. नव्या स्वयंसेवकाची दुसरी खेप झाली की चार दिवसांच्या आत फोन जातो. आमच्या वहीत जी माणसं गळाली ती बहुतेक दुसऱ्या आणि चौथ्या खेपेच्या मध्ये गळाली. पहिल्या दिवशी उत्साह असतो. दुसऱ्या दिवशी कळतं की आपल्याशी तिथे कुणी बोललंच नाही, किंवा ज्यांना वाचून दाखवायला गेलो त्या आजींना झोप हवी होती. तेव्हा फोन वाजला तर माणूस राहतो. हे फोन ते काका करतात. ते कामाचं काही विचारत नाहीत. “परवा गेला होतात ना, कसं होतं तिथे?” एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. गप्प बसणं त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही, मलाही नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ही तुमच्या हातून होऊ नये असं फार वाटतं. एक गृहस्थ आले. बायको दोन महिन्यांपूर्वी गेलेली, शेवटच्या आजारातल्या रुग्णांच्या विभागात. त्यांना तशाच विभागात सेवा द्यायची होती, तिचे उपकार फेडायचे म्हणाले. त्या विभागाला माणूस हवाच होता. मी पुढच्याच आठवड्यात त्यांना पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या परिचारिकेचा फोन आला, “तुमचे गृहस्थ जिन्यात बसले आहेत, उठत नाहीत.” मी गेले. आम्ही दोघं तासभर त्या पायऱ्यांवर बसलो. ते पुन्हा कधी आले नाहीत, ना तिथे ना आमच्याकडे. अशा सेवांमध्ये, जवळचं माणूस नुकतं गेलेल्याला, बऱ्याच ठिकाणी साधारण वर्षभर थांबायला सांगतात. मला ते माहीत होतं. जागा भरायची घाई होती. त्यांना कशासाठी यायचंय हे मी ऐकलं, ‘आत्ताच का’ हे विचारलं नाही.

सरळरेष, तुमचा अर्ज ज्यांनी हरवला त्यांच्या वतीने मी काही बोलू शकत नाही, पण आमच्याकडेही असं घडलं आहे आणि ते वाचून वाईट वाटलं. टेबलावरची माणसं दर दोन महिन्यांनी बदलतात आणि कागद खणात राहतात. आम्ही शेवटी एकच जाड वही केली. जो आला त्याचं नाव, तारीख, काय बोलणं झालं, पुढचा फोन कोण करणार आणि कधी. संगणकावर सगळं आहेच, तरी वही टेबलावर उघडी असते. आठ दिवसांत काहीच जुळलं नाही तरी फोन जातो, ‘अजून काही मिळालं नाही, शोधतोय’ असं सांगायला.

अवांतर: १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूंनी जीव द्यायच्या विचारात असलेल्या लोकांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली, सॅमॅरिटन्स. त्यांना भेटायला येणाऱ्यांची गर्दी व्हायची, म्हणून बाहेरच्या खोलीत थांबलेल्यांची सोबत करायला काही स्वयंसेवक बसू लागले. थोड्याच दिवसांत दिसलं की बरीच माणसं त्या बाहेरच्या खोलीतच बोलून मोकळी होताहेत, त्यांना आत जायची गरजच उरत नाही. पुढच्या वर्षी व्हारांनी ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिलं. आमच्या केंद्रात दाराजवळ नवीन बसणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

परतवाट

दारापाशी यांनी टेबलाच्या आतल्या बाजूचं लिहिलं, मी बाहेरच्या बाजूचं लिहितो.

दीर्घ आजारातून उठलो तेव्हा नोकरी गेली होती. डॉक्टर म्हणाले, घराबाहेर पडा. कुठे पडायचं? केंद्रात गेलो. अर्जात एक रकाना होता, ‘अनुभव’. त्यात काय लिहायचं हे न कळून मी पेन धरून बसून राहिलो. टेबलावरच्या ताईंनी अर्ज हळूच बाजूला घेतला आणि म्हणाल्या, “हे नंतर भरू. इथपर्यंत चालत आलात की बसने?” मी म्हणालो, चालत, तीन ठिकाणी बसत बसत. त्या म्हणाल्या, “मग आधी जवळचं काम बघू.” माझ्या आजाराचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नाही. मीच नंतर कधीतरी सांगितलं.

पहिले दोन महिने मी पाकिटांवर पत्ते चिकटवले. एका वेळी एकच तास. कुणाला हे काम क्षुल्लक वाटेल. मला त्या एका तासासाठी सकाळी दाढी करायचं कारण मिळालं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ताईंनी नावाने हाक मारली. रुग्णालयात मी वर्षभर खाटेच्या नंबराने ओळखला गेलो होतो.

आणखी एक सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. त्यांनी मला बसभाड्याचे पैसे दिले. मी घेत नव्हतो, लाज वाटत होती. ताई म्हणाल्या, “तुम्ही घेतले नाहीत तर ज्याला खरंच लागतात तोही मागणार नाही. सगळे घेतात, तुम्हीही घ्या.” खिशात पैसे असणाऱ्यांनीच सेवा करायची अशी रीत पडली तर माझ्यासारखे पहिल्याच दिवशी बाहेर. कोरीपाटी, तुमच्या केंद्रात प्रवासखर्चाची सोय आहे का हे जरूर विचारा.

आता दोन वर्षं झाली. दर बुधवारी त्या टेबलावर मी बसतो. अर्ज अजून तोच आहे, ‘अनुभव’चा रकानाही. कुणाचं पेन तिथे अडलं की मला दिसतं.

पिवळीनोंदवही

मी पलीकडच्या टोकाला आहे. लहान मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थेत, जिथे अशी केंद्रं स्वयंसेवक पाठवतात. एक मुद्दा राहिला आहे म्हणून लिहिते.

पडताळणी. मुलांमध्ये किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांमध्ये काम करायचं तर आम्ही दोन ओळखीच्या माणसांचे दाखले मागतो, पोलीस पडताळणी मागतो, आणि पहिले काही महिने कुणालाही मुलांसोबत एकटं सोडत नाही. यावर माणसं दुखावतात. “चांगलं काम करायला आलो, तर संशय?” हे ऐकून घेणारी माणसं केंद्रातली असतात. सगळा राग त्यांच्यावर निघतो आणि आमच्यापर्यंत समजूत पटलेला माणूस पोहोचतो. आमच्याकडे माणसं पाठवणाऱ्या केंद्रातल्या समन्वयक बाई स्वतःची पडताळणी टेबलावर काढून दाखवतात: ही माझी, मीही दिली.

दोनदा असं झालं की त्यांनी एखाद्याला पाठवायचं नाकारलं आणि आम्हाला कारण सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दोन्ही वेळा आमच्याकडे माणसांची टंचाई होती आणि मी मनातून चिडले होते. आज त्यांच्याबद्दल मनात फक्त आदर आहे.

सरळरेष यांनी चार पानी अर्जाचा उल्लेख केला. चार पानं जास्तच झाली, पण त्यातलं पडताळणीचं पान काढून टाकू नका अशी विनंती.

सरळरेष

पडताळणीला माझी हरकत नव्हतीच, हरकत उत्तर न देण्याला होती. दारापाशी, वहीबद्दल वाचून बरं वाटलं. एक विचारू का? सक्तीने येणाऱ्यांचं काय करता? माझ्या पुतण्याला महाविद्यालयाने ठरावीक तास ‘समाजसेवा’ करायला सांगितली आहे. तो फक्त सही घ्यायला जातो.

दारापाशी

प्रश्न अगदी योग्य आहे. २०१३ साली कामगार आकडेवारीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कामाचे प्रकार ठरवले गेले, तेव्हा स्वयंसेवेच्या व्याख्येत तीन गोष्टी आल्या: मोबदला नाही, सक्ती नाही, आणि काम दुसऱ्यांसाठी. त्या हिशेबाने तुमचा पुतण्या स्वयंसेवक ठरत नाही. म्हणून आम्ही अशा मुलांची नोंद वेगळ्या पानावर करतो, वर्षाच्या शेवटी स्वयंसेवेचे तास मोजताना ते त्यात धरत नाही. अनुदान देणाऱ्यांना मोठा आकडा आवडतो, तरीही नाही.

पण दारातून परत पाठवतो असंही नाही. मी त्या मुलांना सरळ सांगते, “सही मिळेल, काळजी करू नकोस. आता सही बाजूला ठेवून सांग, तुला कुठे बसायला आवडेल?” बरेच जण तास संपले की जातात. काही राहतात. आमच्याकडे प्रशिक्षण घेणारी जी पगारी मुलगी आहे, ती अशीच सही घ्यायला आली होती.

पुराच्या वेळचंही सांगून ठेवते, कारण कोरीपाटींना ते दिवस बघावे लागतील. संकट आलं की दुसऱ्या दिवशी दाराशी रांग लागते. सगळ्यांना आत्ता, या क्षणी निघायचं असतं. आणि तिथे त्या क्षणी जास्तीची माणसं म्हणजे जास्तीची तोंडं, जास्तीच्या गाड्या, अडलेले रस्ते. आम्ही नाव, रक्तगट, पोहता येतं का, गाडी चालवता येते का, कोणत्या भाषा येतात एवढं लिहून घेतो आणि सांगतो, घरी जा, फोन चालू ठेवा. लोक चिडतात. एकाने माझ्यासमोर अर्ज फाडला होता. तीन आठवड्यांनी बातम्या थांबतात, रांग संपते, आणि गाळ उपसायला, ओले कागद वाळवायला, नुकसानीचे अर्ज भरून द्यायला माणूस मिळत नाही. तेव्हा आम्ही ती यादी काढतो आणि एकेकाला फोन करतो. अर्ज फाडणाऱ्यालाही मी फोन केला. तो आला. अकरा दिवस होता.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. परतवाट, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. दीर ऐकत होते. काही बोलले नाहीत, पण मघाशी विचारत होते की चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायला आणखी माणूस लागतो का.

मुलाखत सोमवारी आहे. दारापाशी, मी त्यांना काय विचारू? मला विचारायचा हक्क आहे असं आता पहिल्यांदाच वाटतं आहे.

दारापाशी

विचारा तर! माझ्या मते आधी हे विचारा: तुमच्या आधी या खुर्चीत कोण होतं आणि ते का गेलं? अडखळत उत्तर आलं तर समजून घ्या. मग पगाराचा पैसा कुठून येतो आणि किती दिवस पुरणार आहे ते विचारा. वर्षाचा करार म्हणजे बहुतेक अनुदान वर्षाचं आहे. त्यात वावगं काही नाही, पण मग नव्या अनुदानाचे अर्ज तुम्हालाच लिहावे लागणार का? माझा तिसरा हिस्सा वेळ त्यात जातो आणि मुलाखतीत ते कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा हिशेबाचा अनुभव त्यांना त्यासाठीच हवा असण्याचा संभव आहे. तसं असेल तर आधीच कळू द्या.

एखाद्या स्वयंसेवकाबद्दल, किंवा स्वयंसेवकाला त्रास झाल्याबद्दल तक्रार आली तर ती कुणाकडे जाते, लिहून ठेवतात का, हे विचाराच. इथे “आमच्याकडे तसं काही होत नाही” असं उत्तर आलं तर मी असते तर ती नोकरी घेतली नसती. परतवाट यांनी सांगितलेला प्रवासखर्च आहेच.

एवढं झालं की शक्य असेल तर मुलाखतीच्या तासभर आधी जा आणि दाराजवळ नुसत्या बसा. कुणाला काही सांगू नका, वाट बघते आहे म्हणा.

कोरीपाटी

काल जाऊन आले. सांगितलंत तशी तासभर आधी गेले.

खोली लहान आहे, एका भिंतीला फळा, त्यावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. टेबलावर साधारण सत्तरीच्या बाई होत्या. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आला, पाठीवर दप्तर. फळ्यापाशी उभं राहून त्याने सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. बाईंनी मान वर केली, हसल्या, बोलल्या काही नाहीत. मुलगा वळला आणि आला तसा निघून गेला. मला वाटलं, गेलं हे माणूस.

बाई उठल्या. गुडघ्यांचा त्रास असावा, टेबलाला धरून उठल्या. त्याच्या मागे दाराबाहेर पायरीपर्यंत गेल्या. त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू आलं नाही. एवढंच आलं: “गुरुवारी शाळा किती वाजता सुटते तुझी?” दोघं बराच वेळ पायरीवरच उभे होते. परत आल्यावर त्यांनी वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. जाड वही होती.

मुलाखतीत सगळं विचारलं. अनुदान १४ महिन्यांचं शिल्लक आहे, अर्ज मलाच लिहायचे आहेत, ते त्यांनी न विचारता सांगितलं. प्रवासखर्च देतात. आधीच्या बाई प्रसूतीसाठी गेल्या आणि आता दुसऱ्या गावी राहतात. तक्रारींची वेगळी वही आहे, कपाटात कुलपात, किल्ली एका विश्वस्तांकडे. दोन तक्रारी कशा मिटवल्या ते नावं न घेता सांगितलं.

मी १ तारखेपासून रुजू होते आहे. आईजवळ बसणाऱ्या त्या बाई अजून दर मंगळवारी कुणाकडे तरी जातात. त्यांना फोन करायचं काम आता माझ्याकडे येईल.

दारापाशी

पहिल्या आठवड्यात दुसरं काही हाती घेऊ नका. गेल्या दोन वर्षांची ती जाड वही पहिल्या पानापासून वाचून काढा, आणि ज्या नावापुढे पुढच्या फोनची तारीख रिकामी दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करत जा. आमच्या वहीत मला अशी ४३ नावं सापडली होती. त्यातल्या सगळ्यांना फोन करायला मला दीड महिना लागला.